उद्योग संसाधन नियोजन

उद्योग संसाधन नियोजन, अर्थात एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग किंवा संक्षेपाने ईआरपी, ही संस्थेच्या खरेदी, उत्पादन, साठा, विक्री, लेखा, मनुष्यबळ इत्यादी विभागांचे दैनंदिन कामकाज एकाच सामायिक विदागारावर चालवणारी माहिती प्रणाली होय. एका विभागात झालेली नोंद इतर विभागांना पुन्हा न करता तत्काळ उपलब्ध होणे हे या प्रणालीचे मुख्य लक्षण आहे. वाणिज्य, व्यवस्थापन आणि माहिती तंत्रज्ञान या तिन्ही अभ्यासशाखांत या विषयाचा समावेश होतो.

पार्श्वभूमी

संगणकाचा वापर सुरू झाल्यावर बहुतेक कंपन्यांत प्रत्येक विभागाने स्वतंत्र प्रणाली उभारली. त्यामुळे एकाच ग्राहकाचे नाव विक्री विभागात एका प्रकारे, तर लेखा विभागात दुसऱ्या प्रकारे नोंदले जाई. गोदामातील साठा आणि हिशेबातील साठा यांचा मेळ महिनाअखेरीस हाताने घालावा लागे. ईआरपी प्रणाली ही या विखुरलेपणावरील उपाययोजना म्हणून विकसित झाली.

इतिहास

या प्रणालीचे मूळ कारखान्यांतील साहित्य नियोजनात आहे. अमेरिकेतील अभियंता जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात साहित्य गरज नियोजन, म्हणजेच एमआरपी ही पद्धत विकसित केली. १९७५ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे ऑलिव्हर वाइट यांनी यंत्रक्षमता, मनुष्यबळ आणि वित्त यांचा समावेश करून या पद्धतीची व्याप्ती वाढवली. या विस्तारित रूपास एमआरपी-२ असे म्हणतात.

१९७२ साली जर्मनीत आयबीएमच्या पाच माजी अभियंत्यांनी सॅप ही कंपनी स्थापन केली. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी आज्ञावली लिहिण्याऐवजी सर्वांना वापरता येईल अशी तयार आज्ञावली विकणे ही तिची मूळ कल्पना होती. ‘ईआरपी’ ही संज्ञा १९९० साली गार्टनर या संशोधन संस्थेने रूढ केली. १९९२ मध्ये सॅपची आर/३ ही क्लायंट-सर्व्हर रचनेवरील प्रणाली बाजारात आली. सन २००० च्या संगणकीय तारखेची समस्या टाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी जुन्या प्रणाली दुरुस्त करण्याऐवजी ईआरपी स्वीकारली व या क्षेत्राची झपाट्याने वाढ झाली. एकविसाव्या शतकात स्वतःचे सर्व्हर न बाळगता इंटरनेटद्वारे भाडेतत्त्वावर प्रणाली वापरण्याची क्लाउड पद्धत रूढ झाली.

कार्यपद्धती

ईआरपीमधील विदेचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. ग्राहक, पुरवठादार, वस्तू, दर, खाती यांसारखी क्वचित बदलणारी माहिती म्हणजे मूलभूत विदा. ऑर्डर, मालाची आवक, बीजक, पैसे अदा करणे यांच्या नोंदी म्हणजे व्यवहार विदा. मूलभूत विदा चुकीची असल्यास तिच्यावर आधारलेला प्रत्येक व्यवहार चुकतो.

नियोजनाचे गणित पुढील उदाहरणावरून स्पष्ट होते. एका कारखान्याला १०० सायकलींची ऑर्डर मिळाली. प्रत्येक सायकलीस दोन, याप्रमाणे २०० चाके लागतील. गोदामात ५० चाके आहेत आणि ३० चाके आधीच्या कामातून तयार होऊन येणार आहेत. म्हणून निव्वळ गरज १२० चाकांची ठरते. एका चाकास ३६ आरे लागत असतील, तर ४,३२० आऱ्यांची गरज निघते व त्यातून आऱ्यांचा उपलब्ध साठा वजा केला जातो. आरे मिळण्यास दोन आठवडे आणि चाके तयार करण्यास एक आठवडा लागत असेल, तर आऱ्यांची मागणी सायकलींची जोडणी सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी नोंदवावी लागते. हे सर्व गणित गोदामातील त्या ५० चाकांच्या नोंदीवर अवलंबून आहे. प्रत्यक्षात ती २० च असतील, तर ३० चाके कमी पडून १५ सायकली अपूर्ण राहतील.

अंतर्गत नियंत्रण

सामायिक विदागारामुळे आर्थिक नियंत्रण सुलभ होते. त्याचे प्रचलित उदाहरण म्हणजे तिहेरी पडताळणी. पुरवठादारास पैसे देण्यापूर्वी खरेदी आदेश, गोदामातील आवक नोंद आणि पुरवठादाराचे बीजक ही तीन कागदपत्रे ताडून पाहिली जातात. आदेश व बीजक ५०० किलोचे असले, परंतु आवक ४८० किलोचीच झाली असली, तर प्रणाली ते बीजक रोखून धरते.

कर्तव्यांची विभागणी हे दुसरे तत्त्व होय. नवा पुरवठादार नोंदवणे आणि त्याला पैसे मंजूर करणे हे दोन्ही अधिकार एकाच कर्मचाऱ्याकडे असल्यास बनावट पुरवठादाराच्या नावे पैसे काढणे शक्य होते. म्हणून हे अधिकार वेगवेगळ्या व्यक्तींना दिले जातात.

अंमलबजावणी

प्रणाली स्वीकारताना संस्थेस दोन महत्त्वाचे निर्णय घ्यावे लागतात.

पहिला निर्णय कामाची पद्धत बदलायची की आज्ञावली, हा होय. तयार प्रणालीत उपलब्ध पर्यायांतून निवड करणे तुलनेने सोपे असते. मूळ आज्ञावलीत फेरफार केल्यास खर्च वाढतो आणि पुढील प्रत्येक आवृत्तीच्या वेळी ते फेरफार पुन्हा तपासावे लागतात. याउलट, संस्थेचे वेगळेपण ज्या पद्धतीत आहे तीच सोडल्यास तिचा व्यावसायिक लाभ नष्ट होऊ शकतो. थॉमस डेव्हनपोर्ट यांनी १९९८ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकातील लेखात, अशी प्रणाली स्वतःचे तर्कशास्त्र कंपनीवर लादते, याकडे लक्ष वेधले होते.

दुसरा निर्णय स्थित्यंतराचा असतो. सर्व विभाग एकाच दिवशी नव्या प्रणालीवर आणल्यास वेळ वाचतो, परंतु चूक झाल्यास सर्व कामकाज एकदम ठप्प होऊ शकते. टप्प्याटप्प्याने बदल केल्यास धोका कमी होतो, मात्र काही काळ जुनी व नवी प्रणाली एकमेकींशी जोडून ठेवावी लागते.

उल्लेखनीय अपयशे

अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट उत्पादक कंपनीने १९९९ साली सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चून तीन वेगवेगळ्या आज्ञावल्या एकत्र आणणारी प्रणाली सुरू केली. मूळ चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकण्यात आले. प्रणाली जुलैमध्ये, हॅलोवीन सणाच्या मागणीचा हंगाम तोंडावर असताना, पूर्णतः कार्यान्वित झाली. गोदामांत माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी कंपनीस वेळेवर पुरवता आल्या नाहीत. पुढे २००२ मध्ये याच कंपनीने प्रणालीची नवी आवृत्ती पुरेशा चाचण्या घेऊन यशस्वीपणे बसवली.

लिडल या जर्मन किरकोळ विक्री साखळीने २०११ साली सुरू केलेला प्रकल्प २०१८ मध्ये सोडून दिला. त्यावर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचे वृत्त होते. लिडलमध्ये साठ्याचे मूल्य खरेदी किमतीने धरले जाई, तर प्रणालीची प्रमाण पद्धत विक्री किमतीवर आधारित होती. कंपनीने आपली पद्धत न बदलता आज्ञावलीत फेरफार करण्याचा मार्ग निवडला होता.

भारतातील वापर

भारतात मोठ्या उद्योगांसह लघु व मध्यम उद्योगही ईआरपी वापरतात. मुंबईतील फ्रॅपे या कंपनीने विकसित केलेली ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली मुक्त स्रोत परवान्याखाली उपलब्ध असून तिची आज्ञावली कोणालाही पाहता व बदलता येते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने अचूक संगणकीय नोंदींची गरज वाढवली. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना इतर नोंदणीकृत व्यवसायांना द्यायच्या बीजकांसाठी ई-बीजक बंधनकारक झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटी रुपयांवर आणण्यात आली.

मर्यादा

ईआरपीचा खर्च परवाना शुल्कापुरता मर्यादित नसतो. जुन्या विदेची साफसफाई, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, सल्लागारांचे शुल्क आणि देखभाल यांचाही त्यात समावेश होतो. एकदा संपूर्ण कामकाज एका प्रणालीवर आल्यावर दुसऱ्या पुरवठादाराकडे जाणे अवघड ठरते. तसेच एका विभागातील चुकीची नोंद सर्व विभागांत तत्काळ पोहोचते. त्यामुळे नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याची अचूकता हा या प्रणालीच्या यशातील महत्त्वाचा घटक मानला जातो.