‘विनर’ कोणाला म्हणावें?

कुस्तीच्या मैदानापासून शाळेच्या बक्षीस-समारंभापर्यंत ‘विनर’ हा इंग्रजी शब्द मराठींत सर्रास ऐकूं येतो. त्याला ‘विजेता’ हा प्रतिशब्द दिला, कीं अर्थ उलगडला असें वाटतें. परंतु शब्द इतका सरळ नाहीं.

त्याच्या मुळाशीं जुन्या इंग्रजींतील ‘विन्नन’ हें क्रियापद आहे. राबणें, झटणें, झुंजणें हा त्याचा अर्थ. झटून जें पदरांत पडतें तें मिळविणें, हा अर्थ मागाहून रूढ झाला. घरच्या कमावत्या माणसाला इंग्रजींत ‘ब्रेडविनर’ म्हणतात. त्यानें कोणाला हरविलेलें नसतें. भाकरी मिळविलेली असते. ‘व्हिक्टर’ हा शब्द निराळा. त्याला पाडाव झालेला प्रतिपक्षी लागतो. मराठींतील ‘जेता’ त्याच्या जवळचा. म्हणूनच पारतंत्र्याच्या काळांत ‘जेते आणि जित’ ही जोडी रूढ होती.

वापरांतहि भेद आहे. इंग्रजींत सामना किंवा बक्षीस ‘विन’ करितात, प्रतिस्पर्ध्याला नव्हे. त्याला ‘बीट’ करितात. मराठी ‘जिंकणें’ मात्र दोहोंकडे चालतें: कुस्ती जिंकली आणि शत्रूलाहि जिंकलें. यामुळें ‘विनर’ म्हणजे सर्वांना लोळविणारा, असा ग्रह सहज होतो.

हा ग्रह किती अपुरा आहे, तें कऱ्हाडकरांना घरच्याच उदाहरणावरून कळण्याजोगें आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता. वर्गणी गोळा करावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. तेथें ५७ किलो वजनगटांत जपानचे इशी पहिले व सोव्हिएत संघाचे मामेदबेकोव्ह दुसरे आले. या दोघांशीं खाशाबा हरले, आणि तिसऱ्या क्रमांकाचें ब्राँझपदक त्यांना मिळालें. स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मग खाशाबा ‘विनर’ कीं नव्हेत? आखाड्याच्या हिशेबानें ज्याची पाठ लागली तो हरला. इंग्रजीच्या हिशेबानें उत्तर ‘कशाचे?’ या प्रश्नावर अवलंबून आहे. स्पर्धेचे विनर इशी. ब्राँझपदकाचे विनर खाशाबा. मराठींत हीच सोय ‘पदकविजेता’ या समासानें होते. म्हणून लिहितांना नुसतें ‘विजेता’ न म्हणतां काय जिंकलें तें सांगावें; म्हणजे पहिल्याचा मान कमी होत नाहीं आणि तिसऱ्याचें श्रेयहि बुडत नाहीं.

गोळेश्वरकरांना हा प्रश्न पडला नाहीं. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांनीं आपल्या मल्लाला गांवांत आणलें. झटून मिळविणारा तो विनर, हा शब्दाचा जुना अर्थ कोश न उघडतांच त्यांना उमगला होता.