तळ्यावरील साक्षीदार

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या महाकाय तबकड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांची दुर्बीण जितकी विशाल तितकी श्रेष्ठ अशी समजूत झाली असल्यास नवल नाही. परंतु पहिले तारे प्रज्वलित होत असतानाचा हायड्रोजनचा जो क्षीण स्वर साऱ्या आकाशातून सारखाच येतो, तो टिपण्यास विशालतेचा उपयोग नसतो, आणि तेथे अँटेनाच्या अंगी पदरचे काहीही न घालता जबानी देणाऱ्या साक्षीदाराची सचोटीच काय ती लागते.

हायड्रोजनची ही लहर मूळची २१ सेंटिमीटरची. विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ती आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा काही मीटर लांब झालेली असते, आणि तिच्याहून हजारो पट प्रबळ असा आपल्या आकाशगंगेचा गोंगाट तिला झाकून टाकतो. हा गोंगाट कंप्रतेबरोबर सावकाश, एकसारखा बदलत जातो म्हणूनच तो वजा करता येतो. मात्र अँटेनाची ग्रहणशक्ती कंप्रतेगणिक किंचित जरी हेलकावली, तरी तो हेलकावाच ताऱ्यांच्या जन्माचा दाखला म्हणून दप्तरी नोंदला जाण्याचे भय असते.

२०१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील 'एजेस' प्रयोगाने आकाशातून येणाऱ्या लहरींच्या वर्णपटात ७८ मेगाहर्ट्झपाशी सुमारे अर्ध्या केल्विनचा खळगा, म्हणजे हायड्रोजनच्या त्या स्वराची खूण, सापडल्याचे जाहीर केले. तो अपेक्षेच्या दुपटीहून खोल असल्याने कृष्णद्रव्याच्या नव्या गुणधर्मांची चर्चा सुरू झाली. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी मात्र अँटेनाखालच्या जमिनीचा विचार केला. मातीचे थर, ओल, दगड यांवरून लहरी परततात. वर धातूची जाळी अंथरली तर तिच्या कडा परावर्तन करतात. पाणी मात्र पुरेसे खोल असले म्हणजे सर्वत्र एकजिनसी! म्हणून त्यांनी 'सरस-३' हा शंकूच्या आकाराचा अँटेना तराफ्यावर चढवून २०२०च्या आरंभी कर्नाटकातील दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या फुगवट्यावर तरंगत ठेवला. यंत्राला शोभेशी जागा शोधण्यासाठी तळ्याकाठी जाणारी ही बुद्धी मला कोणत्याही अवाढव्य तबकडीइतकीच थोर वाटते.

२०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला: 'एजेस'ने वर्णिलेला खळगा 'सरस'ला आढळला नाही, आणि ९५.३ टक्के विश्वासाने तो दावा फेटाळण्यात आला. पहिल्या ताऱ्यांचा तो स्वर अद्याप कोणाच्याही अँटेनाने निर्विवादपणे टिपलेला नाही.