पॉडकास्ट आणि सुजाण श्रोता

रत्नागिरी जिल्ह्यांतील हातखंबा हें गांव मुंबई-गोवा महामार्गावर वसलेलें आहे. रत्नागिरीहून आंबा घाटानें कोल्हापुरास जाणारा रस्ता येथेंच त्या महामार्गास मिळतो. अशा तिठ्यावरच्या गांवीं देशांतील घडामोडींची वार्ता प्रथम वर्तमानपत्रांतून येई; मग नभोवाणी आली, त्यानंतर दूरचित्रवाणी आली. आतां आणखी एक वाट उघडली आहे. मोटार हांकतांना, स्वयंपाक करतांना किंवा आंब्याच्या बागेंत राबतांना माणसें राजकारण, अर्थनीति आणि वृत्तव्यवसाय यांवरील लांबलचक चर्चा मोबाईलवर ऐकत असतात. या चर्चांना पॉडकास्ट म्हणतात. त्यांचें स्वरूप काय, त्यांचें बळ कशांत आहे आणि त्यांवर विश्वास कितपत ठेवावा, हे प्रश्न आतां प्रत्येक सुशिक्षित घराचे झाले आहेत.

'पॉडकास्ट' हा शब्द अलीकडचा आहे. फेब्रुवारी २००४ मध्यें 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकांतील लेखांत बेन हॅमरस्ले या पत्रकारानें तो वापरला. अ‍ॅपल कंपनीचें २००१ सालीं निघालेलें 'आयपॉड' हें खिशांत मावणारें गाण्यांचें यंत्र आणि ध्वनिक्षेपणवाचक 'ब्रॉडकास्ट' हा शब्द, या दोहोंच्या संयोगानें तो बनला. त्यामागील युक्ति साधी आहे. संभाषण ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवरील संगणकांत ठेवावयाचें आणि त्यासोबत भागांची एक यादी ठेवावयाची. श्रोत्याचें यंत्र ती यादी वेळोवेळीं तपासतें व नवा भाग दिसला कीं तो आपण होऊन श्रोत्यापुढें ठेवतें. नभोवाणीचें भाषण हें वाहतें पाणी आहे. ठरल्या वेळीं जो काठावर नसेल त्याच्या हातीं तें लागत नाहीं. पॉडकास्ट हें रांजणांत भरून ठेवलेलें पाणी होय. तें केव्हांही घ्यावें, थांबून घ्यावें, एक वर्षानें पुन्हां घ्यावें.

या भेदाचें महत्त्व समजण्यासाठीं नभोवाणीचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. ही कंपनी १९३० सालीं बुडाली आणि ध्वनिक्षेपण सरकारच्या हातीं गेलें. १९३६ च्या जूनमध्यें त्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. सरकारी यंत्रावरून सरकारास न रुचणारी वार्ता मिळणें कठीण, हें उघडच होतें. म्हणूनच १९४२ च्या आंदोलनांत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविला. तो जेमतेम तीन महिने चालला, पण जागा बदलीत, पोलिसांस चुकवीत चाललेल्या त्या आवाजासाठीं त्या मंडळींनीं तुरुंगवास पत्करला.

स्वातंत्र्यानंतरही ही मक्तेदारी पुष्कळ वर्षें टिकली. ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ति आहे, ती सरकारची खासगी मालमत्ता नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. पुढें खासगी एफ. एम. केंद्रें निघालीं, परंतु त्यांना गाणीं वाजविण्याची मुभा मिळाली, स्वतःच्या बातम्या देण्याची नव्हे. आकाशवाणीचें बातमीपत्र जसेंच्या तसें ऐकवावें, एवढीच सवलत त्यांच्या वांट्यास आली. तासाला दहा मिनिटें बातम्या देऊं द्याव्या, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानें केली ती थेट २०२३ सालीं. पॉडकास्टास ध्वनिलहरींचा परवाना लागत नाहीं, कारण तो इंटरनेटवरून येतो. जी राजकीय चर्चा खासगी नभोवाणीस वर्ज्य होती, ती पॉडकास्टास अशा रीतीनें सहज खुली झाली.

याचा अर्थ येथें कायद्याचा शिरकावच नाहीं असा नव्हे. इंटरनेटवरील वृत्तमाध्यमांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं नियम केले. त्यांतील आचारसंहितेच्या सक्तीस मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें स्थगिति दिली. या प्रकरणांतील एक अर्जदार पत्रकार निखिल वागळे हे होते. सरकारी कारभाराविषयींचा मजकूर खरा कीं खोटा हें सरकारच्याच तपासणी-विभागानें ठरवावें, अशी दुरुस्ती २०२३ सालीं झाली. तिच्यावर दोन न्यायमूर्तींचें एकमत झालें नाहीं, आणि तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्यें ती रद्दबातल ठरली. वादीच न्यायाधीश होऊं शकत नाहीं, हें तत्त्व सामान्य माणसासही पटण्याजोगें आहे.

आतां या चर्चांचे प्रकार पाहूं. ३ ऑक्टोबर २०१४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं आकाशवाणीवरून 'मन की बात' सुरू केली. तें भाषण आतां इंटरनेटवरही मिळतें. परंतु त्यांत बोलणारा एक आणि ऐकणारे कोट्यवधि, मध्यें प्रश्न विचारणारा कोणी नाहीं. याच्या उलट मुंबईचे अमित वर्मा यांचा २०१७ सालीं सुरू झालेला 'द सीन अँड द अनसीन' हा इंग्रजी पॉडकास्ट आहे. त्यांत एकाच पाहुण्याशीं कित्येक तास संभाषण चालतें. सौरभ चंद्र व प्रणय कोटस्थाने यांनीं सुरू केलेली 'पुलियाबाजी' सार्वजनिक धोरणांची चर्चा गप्पांच्या हिंदींत करते. मराठींत विनायक पाचलग यांची 'थिंक बँक' तज्ज्ञांच्या मुलाखती घेते, तर बी. बी. सी. मराठीची 'सोपी गोष्ट' एकच विषय थोड्या मिनिटांत उलगडून दाखविते. दूरचित्रवाणीवर सहा माणसें एकदम ओरडतात, तेथें कोणाचेंच वाक्य पुरें होत नाहीं. पॉडकास्टांत वाक्य पुरें होतें. त्याचें मुख्य आकर्षण हेंच होय.

तथापि वाक्य पुरें झालें म्हणजे तें खरें ठरलें असें नव्हे. अर्थनीतीचें एक उदाहरण घ्यावें. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. त्यांची एकंदर किंमत सुमारें १५.४१ लाख कोटि रुपये होती. काळ्या पैशाचा मोठा भाग बँकेंत परत येणारच नाहीं, असें त्या वेळीं अनेकांनीं ठामपणें सांगितलें. रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल ऑगस्ट २०१८ मध्यें आला, त्याप्रमाणें ९९.३ टक्के रक्कम परत आली होती. येथें रांजणांतल्या पाण्याचा उपयोग दिसून येतो. जुना भाग पुन्हां लावावा, वक्त्यानें काय भाकीत केलें होतें तें ऐकावें आणि अहवालाशीं ताडून पाहावें. जो वक्ता पुढच्या भागांत आपलें चुकलेलें भाकीत स्वतः सांगतो, तो विश्वासास पात्र. जो त्याचा उच्चारही करीत नाहीं, त्याचें पुढचें भाकीत जपूनच घ्यावें.

अशी पडताळणी हातखंब्याच्या श्रोत्यासही अवघड नाहीं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत भांडवली खर्चासाठीं ११.२१ लाख कोटि रुपयांची तरतूद होती, आणि रस्ते हा अशा खर्चाचा एक मोठा भाग असतो. पॉडकास्टांतील वक्ता हा आंकडा सांगून देशाच्या प्रगतीचें चित्र रंगवितो. परंतु तरतूद निराळी, प्रत्यक्ष खर्च निराळा आणि पुरा झालेला रस्ता आणखी निराळा. ज्या महामार्गावर हें गांव आहे, त्याचें चौपदरीकरण दहा वर्षांहून अधिक काळ रखडलें आणि त्यासाठीं लोकांस उच्च न्यायालयांत दाद मागावी लागली. ज्याच्या दारावरून हा रस्ता जातो, त्याला या तीन गोष्टींतील अंतर कोणी शिकवावें लागत नाहीं; तो आंकड्यामागचा प्रश्न आपोआप विचारतो.

यापुढचा मुद्दा अधिक गंभीर आहे. पॉडकास्ट हें बहुधा बातमीवरचें भाष्य असतें. मूळ बातमी दुसऱ्याच कोणी तरी मिळविलेली असते. राजापूर तालुक्यांतील तेलशुद्धीकरण प्रकल्पाचें उदाहरण या बाबतींत फार बोलकें आहे. वर्षाला ६ कोटि टन क्षमतेचा हा प्रकल्प नाणार येथें योजिला होता. विरोधामुळें २०१९ सालीं तेथील भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग बारसूचें नांव पुढें आलें, आणि एप्रिल २०२३ मध्यें तेथील माती-परीक्षणास ग्रामस्थांनीं मोठा विरोध केला. या वादावर मुंबई-दिल्लींत चर्चा पुष्कळ झाल्या. पण गांवांत हिंडून बातमी आणणारे शशिकांत वारिशे यांच्यासारखे स्थानिक पत्रकार होते. प्रकल्पाच्या एका समर्थकाविषयींची त्यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं छापून आली. त्याच दिवशीं राजापूर येथें मोटारीची धडक बसून ते जबर जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावले. पोलिसांनीं खुनाचा गुन्हा नोंदविला. वातानुकूलित खोलींत बसून बातमीचा अर्थ सांगणें आणि भर रस्त्यावर ती बातमी मिळविणें, यांत केवढें अंतर आहे तें या एका घटनेवरून कळेल. भाष्यकारास हजारों श्रोते मिळावे आणि बातमीदाराच्या पत्रास वर्गणीदार मिळूं नयेत, अशी स्थिति आली तर कांहीं काळानें भाष्य करावयास बातमीच उरणार नाहीं. विहीर आटली तर पोहऱ्याचा काय उपयोग?

ही परंपरा कोंकणास नवी नाहीं. १८३२ सालीं 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील पोंभुर्ल्याचे. त्यांनीं एका स्तंभांत मराठी व शेजारच्या स्तंभांत इंग्रजी मजकूर दिला, म्हणजे राज्यकर्ता आणि प्रजा या दोघांनींही तोच मजकूर वाचावा. आज प्रत्येकाच्या कानांत त्याच्या आवडीचा आवाज आहे. शेजारचा स्तंभ मात्र नाहींसा झाला आहे. तो श्रोत्यानेंच उभा केला पाहिजे.

त्यासाठीं चार गोष्टी पुरेशा आहेत. वक्ता घडलेली गोष्ट सांगतो आहे कीं आपलें मत, हें प्रथम ओळखावें. त्याचा खर्च जाहिरातदार चालवितो, पक्ष चालवितो कीं श्रोते चालवितात, हें पाहावें. शक्य तेथें मूळ कागद वाचावा. व्याजदर ठरविणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या समितीचें इतिवृत्तसुद्धां बैठकीनंतर चौदाव्या दिवशीं प्रसिद्ध होतें आणि तें कोणासही फुकट मिळतें. शेवटीं, ज्याचें म्हणणें पटत नाहीं असाही एक पॉडकास्ट नियमानें ऐकावा, आणि जिल्ह्याचें एक तरी वर्तमानपत्र पैसे देऊन घरीं घ्यावें. स्वतंत्र आवाज ऐकूं यावा म्हणून एके काळीं लोक तुरुंगांत गेले. आज तो आवाज विनासायास मिळतो. त्याची पारख करण्याचा आळस तेवढा श्रोत्यानें टाळावा.