सोन्याच्या पाळण्याखालचा काळा पाषाण

आमच्या जालना जिल्ह्यात बोअरच्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला, की गावात कुजबुज सुरू होते, खाली तेल तर नसेल? बँकेत असताना विहिरींच्या कर्जांच्या निमित्ताने असे दोन-तीन ‘तेलसाठे’ मी पाहिले आहेत. तो तवंग बहुधा लोहाचा असतो. काडीने हलवला तर काचेसारखा फुटतो. खरे तेल पुन्हा एकत्र येते.

‘जालना, सोने का पालना’ म्हणतात खरे, पण पाळण्याखाली आहे तो काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा. तेल होते गाळात गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांचे. लाव्हात ते कुठून येणार? गंमत अशी, की हाच पाषाण मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखालीही गेला आहे. तिथे मात्र त्याच्यावर कोट्यवधी वर्षे गाळ आणि चुनखडक साचत राहिला, आणि त्या चुनखडकात तेल मुरले. आपल्या पाषाणाची झाली काळी माती. तिने कापूस दिला, मोसंबी दिली. तक्रार कशाला?

समुद्रातले ते तेल १९७४ साली ‘सागर सम्राट’ने शोधले आणि १९७६ साली ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले. १९८०च्या दशकात तिथून दिवसाला ४ लाखांहून अधिक पिंपे तेल निघत असे. २०२४ पर्यंत ते दीड लाखाच्याही खाली आले. मुद्दल खाऊन चालवलेला संसार तो! उत्पादन सावरण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेतले. म्हाताऱ्या विहिरींतून थोडे अधिक निघेलही. तारुण्य काही परत येत नाही.

हे सारे जालनेकरांनी का वाचावे? कारण गेलची मुंबई-नागपूर वायुवाहिनी समृद्धी महामार्गालगत आपल्याच जिल्ह्यातून जाते. इथल्या पोलाद कारखान्यांत भंगार विजेवर वितळते, पण सळई ओढण्याआधी लोखंड तापवायला अनेक ठिकाणी कोळसा लागतो. त्याच्या जागी वायू आला तर धूर कमी होईल, याचा आनंदच आहे. मात्र देशाला लागणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा परदेशातून, द्रवरूपात, जहाजाने येतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. आखातात तोफ उडाली, की भाव चढतो. भट्टी वायूवर नेण्याचा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी आधी वायूचा करार किती वर्षांचा आणि कोणत्या दराचा ते विचारले असते. सळईचा भाव नंतर.