ठेंगणी मोटार आणि तिचा ट्रेलर

शर्यतीची मोटार मैदानापर्यंत ट्रेलरवर चढवून नेण्याची रीत ब्रिटनमध्ये सर्रास आहे. ट्रेलर निवडताना पहिला प्रश्न असतो, तो किती वजन पेलेल? प्रश्न रास्तच. पण १९९६ साली बाजारात आलेली लोटस एलिस पहा ना. तिचे वजन अवघे ७२५ किलोंच्या आसपास! खरी अडचण आहे चढाची. ट्रेलरचा तळ ५० सेंटिमीटर उंच आणि चढवायच्या फळ्या २ मीटर लांब असल्या, तर चढ साडेचौदा अंशांचा होतो. तिथे ठेंगण्या मोटारीचे नाक किंवा पोट घासायचेच. फळ्या ३ मीटरच्या घ्या, म्हणजे चढ १० अंशांच्या आत येतो.

दुसरी गोष्ट तोलाची. एलिसचे इंजिन मागच्या बाजूला. भार ट्रेलरच्या शेपटाकडे गेला, की वेगात तो झोले खाऊ लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही रस्त्याबाहेर खेचतो. म्हणून मोटार पुढे सरकवता येईल इतका लांब ट्रेलर हवा. ट्रेलर आणि मोटार यांच्या एकूण वजनाचा ५ ते ७ टक्के भार जोडावर यावा. आणि ब्रेक? भरलेला ट्रेलर ७५० किलोंच्या वर जाणार असेल, तर तिथला कायदाच ते मागतो.

तेव्हा खरेदीला निघताना खिशात मोजपट्टी असू द्या. भावाची घासाघीस मागाहून करावी.