टेबलाचा उतार आणि रक्ताचा दाब

शस्त्रक्रियेच्या खोलीत नायक असतात सर्जन. भूल देणारा मी बिचारा उशाशी बसलेला. रोग्याला पुष्कळदा माझे नावही ठाऊक नसते! पण माझ्या हाताशी औषधांखेरीज आणखी एक साधन असते. ते म्हणजे टेबल कलते करण्याची कळ.

तुम्ही म्हणाल, टेबलाचा आणि औषधाचा काय संबंध? सांगतो. आपण अंथरुणातून उठून उभे राहतो, तेव्हा रक्त पायांकडे धाव घेते. त्याच क्षणी मज्जातंतू तिथल्या रक्तवाहिन्या आवळून धरतात, म्हणून आपल्याला घेरी येत नाही. भुलेची आणि रक्तदाब उतरविणारी पुष्कळ औषधे हा पहारेकरीच गुंगवून टाकतात. मग रक्त पाण्यासारखे उताराकडे जाते. रोगी सपाट निजलेला असेल तोवर दाब बेताने उतरतो. डोक्याकडची बाजू उचला, की तो भराभर खाली येतो.

ह्याच गोष्टीचा फायदा करून घेण्याची युक्ती इंग्लंडात निघाली. १९४८ साली पेटन आणि झाइमिस ह्यांनी मेथोनियम वर्गातील औषधांचे गुण उजेडात आणले. १९५० साली ईस्ट ग्रिन्स्टेड येथील डॉ. हेल एंडरबी ह्यांनी असे औषध देऊन, शस्त्रक्रियेची जागा हृदयाहून उंच राहील अशा बेताने रोग्याला निजविण्याची पद्धत जगापुढे मांडली. जखमेतला रक्तस्राव ओसरला आणि सर्जनांना बारीक काम स्वच्छ दिसू लागले. ती औषधे आता मागे पडली. तत्त्व मात्र कायम आहे.

पण जे जखमेला लागू, ते मेंदूलाही लागू! हृदयापासून दर ४ सेंटिमीटर उंचीमागे दाब पाऱ्याच्या सुमारे ३ मिलिमीटरने घटतो. दंडावर सरासरी दाब ६० असला आणि डोके २० सेंटिमीटर उंच असले, तर तिथे पोहोचतो जेमतेम ४५. यंत्र दंडाचे सांगते. मेंदूचा हिशेब मला ठेवावा लागतो.

एकदा कानाची नाजूक शस्त्रक्रिया चालली होती. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंबही तळ्याएवढा दिसतो. सर्जन म्हणाले, “डॉक्टर, प्रेशर आणखी थोडं उतरवा ना!”

“आता नाही, साहेब. दंडाला ठीक आहे, डोक्याला नाही.”

त्यांनी मुकाट्याने कापूस दाबून पाच मिनिटे वाट पाहिली. संध्याकाळी तो रोगी, एक शाळामास्तर, बायकोला विचारीत होता, “मुलं जेवली का?” माझी बिदागी मला तिथेच मिळाली.

ह्यातले घरी काय न्यावे? आजोबांना रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर दिवाळीच्या पहाटे अभ्यंगासाठी त्यांना घाईने उभे करू नका. दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसू द्या. आणि कोणाला घेरी आलीच, तर खुर्चीवर बसविण्याची धडपड नको. सपाट निजवा, पाय उशीवर उंच ठेवा, आणि लवकर बरे वाटले नाही तर डॉक्टरांना बोलवा. खाली पाय, वर डोके ही माणसाची शान खरी. पण घेरी आलेल्या माणसाने ती घटकाभर बाजूला ठेवावी!