गाडी मिसिंग का मारते?

ओतूरहून कल्याणला जाताना माळशेज घाट उतरावा लागतो आणि परतताना तोच चढावा लागतो. ओतूरच्या आमच्या एका शिक्षकमित्राला हा प्रवास दर महिन्याला घडे, कारण आईचे हृदयावरचे उपचार कल्याणला चालू होते. गाडी घरचीच, १९९० च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी. परतीच्या वाटेवर मोरोशी मागे पडून चढ लागला, की ही गाडी कधी कधी 'मिसिंग मारायची'. इंजिनाचा एकसुरी आवाज तुटायचा, गाडी झटके द्यायची, सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज यायचा. २०२२ च्या श्रावणात एका संध्याकाळी तर ती घाटाच्या मध्यावर बंदच पडली. वर दरडीचा डोंगर, समोर दहा पावलांवरचे दिसू नये असे धुके, मागे ट्रकांची रांग आणि मागच्या सीटवर आजारी आई. वीस मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली आणि मढच्या पुढे तर अशी पळू लागली, की काही झालेच नव्हते!

येत-जात असणारा दोष शोधणे कायमच्या दोषापेक्षा कितीतरी अवघड असते. गाडी गॅरेजात नेली की ती शहाण्यासारखी वागते. मग मिस्त्री अंदाजाने एखादा भाग बदलतो. या गाडीचे आधी चारही प्लग बदलले, मग पॉइंट आणि कंडेन्सर, मग कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. पॉइंट बदलल्यावर गाडी सहा-सात महिने सुरळीत चालली, तेव्हा 'दोष पॉइंटमध्येच होता' असे सर्वांनी ठरवून टाकले. पण पॉइंट बदलले होते ऑक्टोबरच्या अखेरीस. त्यानंतरचे महिने कोरडे होते, ही गोष्ट तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसांना हे शोभणारे नव्हते, पण झाले ते असे. पुढच्या जूनमध्ये दुखणे परत आले.

मिसिंग म्हणजे नेमके काय? पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ज्वलन व्हायला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी. यातली एक जरी चुकली तरी ती खेप वाया जाते. चार सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याला मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००. यातल्या काही गळाल्या की आपल्याला झटका जाणवतो. न जळलेले मिश्रण पुढे तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटते, तोच फटाका.

पेट्रोल कमी पडल्याने होणारा बिघाड आणि ठिणगी चुकल्याने होणारा बिघाड कानाला वेगळे लागतात. पेट्रोल कमी पडले की चारही सिलिंडर बहुधा एकदम दुबळे होतात आणि गाडी दमल्यासारखी हळूहळू पडते. ठिणगी चुकली की ताल मध्येच तुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा तुटतो. आमच्या मित्राच्या गाडीत ताल तुटत होता. म्हणून आपण ठिणगीच्या वाटेने जाऊ.

बॅटरी १२ व्होल्टची, पण प्लगच्या टोकांमधली फट ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. ते येतात कुठून? फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनातून. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एकात थोडे वेढे, दुसऱ्यात त्याच्या सुमारे शंभरपट. पॉइंट जुळलेले असताना पहिल्या वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र झटक्यात कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड विभवांतर निर्माण होते. 'झटक्यात' हा शब्द महत्त्वाचा. उघडताना पॉइंटमध्येच ठिणगी पडली तर प्रवाह रेंगाळतो आणि करंट बारीक येतो. ते टाळण्यासाठी पॉइंटला कंडेन्सर जोडलेला असतो. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी बसवलेली ही घडी सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या मोटारींत टिकून होती.

कॉइलमधला हा करंट जाड तारेने डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये येतो. तेथे फिरणारा रोटर तो पाळीपाळीने चार सिलिंडरांना वाटतो. पद्मिनीत ही पाळी १-३-४-२ अशी असते. कॅप बेकेलाइटसारख्या विद्युतरोधक पदार्थाची असते. तिच्या चार खुंट्यांतून चार तारा चार प्लगांकडे जातात आणि धातूच्या दोन क्लिपा तिला घट्ट धरून ठेवतात.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या मित्राने एक साधे काम केले, जे खरे तर वर्षभर आधी करायला हवे होते. गाडीत वही ठेवली. प्रत्येक प्रवासाची तारीख, पाऊस की कोरडे, चढ की सपाट, इंजिन थंड की तापलेले, मिसिंग झाले की नाही, एवढेच रकाने. आदल्या वर्षाच्या फेऱ्याही आठवून, औषधांच्या पावत्यांवरच्या तारखांशी ताडून त्याने भरल्या. सप्टेंबरपर्यंत चित्र स्पष्ट झाले. एप्रिल-मेच्या भाजणाऱ्या उन्हात घाट चढताना एकदाही त्रास नव्हता. म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन ते अडते, हा आमचा लाडका तर्क बाद झाला. भर पावसात ओतूर ते आळेफाटा या बऱ्याच सपाट रस्त्यावरही त्रास जवळजवळ नव्हता. ओल आणि चढ दोन्ही एकत्र आले, की मिसिंग ठरलेले.

ओलीचे समजते. पाण्याचा पातळ थर करंटला चोरवाट देतो. पण चढ कशाला हवा?

याचे उत्तर जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिड्रिख पाशेन याने १८८९ मध्ये दिलेल्या नियमात आहे. दोन टोकांमधल्या वायूतून ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील, हे वायूचा दाब आणि टोकांमधले अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. प्लगमध्ये असते त्या परिस्थितीत गुणाकार वाढला की लागणारे विभवांतरही वाढते. गाडी नुसती उभी असताना अ‍ॅक्सिलरेटर जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे जाते, दाब कमी राहतो आणि पाच-सात हजार व्होल्टांत काम भागते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पुरा दाबलेला असतो. सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो आणि त्याच प्लगला दहा-पंधरा हजार व्होल्टांची गरज पडते. विभवांतर तिथवर चढू लागले, की करंटला दोन वाटा दिसतात, एक प्लगची आणि एक चोरवाट. जी आधी खुली होईल तिकडे तो जातो. सपाटीवर प्लगची वाट आधी खुली होते. चढावर, ओल असताना, चोरवाट.

मग ओतूरमध्येच ट्रॅक्टर आणि जुन्या जीप दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला वही दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "गाडी रात्री आणा. घाट इथंच आणू."

रात्री शेडमधले दिवे मालवले. दारे मात्र सताड उघडी ठेवली, कारण चालू इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. मिस्त्रीने चारही प्लग काढून त्यांची सुमारे ०.६ मिलिमीटरची फट वाकवून १ मिलिमीटरच्या थोडी वर नेली. दाब वाढवता येत नाही तर अंतर वाढवायचे! पाशेनचे नाव त्याने ऐकले नव्हते, पण गुणाकारातली दुसरी संख्या बदलून त्याने उभ्या गाडीला चढावर नेले होते. इंजिन सुरू केले, ठीक चालले. मग कुंड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने तारांवर आणि कॅपवर बारीक तुषार सोडायचे काम आमच्याकडे आले. तिसऱ्या-चौथ्या फवाऱ्याला ताल तुटला. माळशेज ओतूरमध्ये आला होता.

आता मिस्त्रीने रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची तार क्षणभर उपसली. चालता सिलिंडर तोडला तर इंजिन आणखी पडते. आधीच मेलेला तोडला तर फरक पडत नाही. तीन नंबरची तार काढली आणि फरक पडला नाही. मग तीन आणि दोन नंबरच्या प्लगांची अदलाबदल केली. दोष प्लगचा असता तर तो प्लगबरोबर दोन नंबरला गेला असता, पण तो तीनलाच राहिला. तारांची अदलाबदल केली, तरी तीनलाच. सिलिंडरमधला दाब गळत असेल का? बाहेरून पाणी मारल्याने दाब गळत नाही. उरली कॅप. दर वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य त्याने शेवटपर्यंत पाळले. आधीच्या दुरुस्त्यांत पॉइंट आणि कंडेन्सर एकाच दिवशी बदलले गेले होते, याची आम्हाला आठवण झाली.

अंधारात डोळे सरावल्यावर ती दिसलीही. तीन नंबरच्या खुंटीपासून खालच्या क्लिपपर्यंत केसाएवढी निळी रेघ लवलवत होती. दिवसा भिंगाखाली पाहिले तर तेथे बारीक तडा होता आणि त्यात काळी रेषा. ही कॅप गाडीइतकीच जुनी. इतक्या वर्षांच्या तापण्या-निवण्याने तडा पडलेला. त्यातून एकदा करंट गळला की बेकेलाइट किंचित जळते आणि मागे कार्बन उरतो. कार्बन विद्युतवाहक असल्याने पुढच्या वेळी गळती अधिक सोपी होते. असा दोष आपण होऊन बरा होत नाही, वाढतच जातो.

मग कोरड्या दिवसांत तो लपत कसा होता? हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. ६बी पेन्सिलीने कागदावर तीन-चार सेंटिमीटर लांब, जाड, गडद पट्टी काढा. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी या पट्टीमार्फत जोडा. एलईडी लागतो. आता खोडरबराने पट्टीत मिलिमीटरभर खंड पाडा. एलईडी विझतो. खंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा. एलईडी मंद का होईना, पुन्हा लागतो. तड्यातला कार्बन असाच तुटक होता. कोरड्या हवेत ते खंड रोधक राहत. ओल आली की सांधले जात. गाडीच्या तारांशी मात्र मुलांना खेळू देऊ नये. त्या धक्क्याने माणूस दचकून हात फिरत्या पंख्यात घालू शकतो. तारा उपसण्याची ही रीत आजच्या गाड्यांवरही करू नये, न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो. आजच्या गाडीत क्रँकशाफ्टच्या वेगातले सूक्ष्म चढउतार मोजून संगणकच सांगतो, की अमुक सिलिंडर चुकतो आहे. तीन नंबरचा संकेत पी ०३०३. तो का चुकतो आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. तिथून पुढे प्लगांची किंवा कॉइलींची अदलाबदल करूनच पाहावे लागते.

नवी कॅप मिळायला तीन आठवडे लागले. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभीच थांबले, आणि आम्ही कॅप शोधत होतो त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईतून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही हटली. शेवटी पुण्यात जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात कॅप मिळाली. ती बसवून, प्लगची फट रुंदच ठेवून, पुन्हा रात्री फवारा मारला. इंजिन चालत राहिले. आम्ही निघायच्या तयारीत होतो, पण मिस्त्रीने नवी कॅप काढून जुनी परत बसवली. ताल तुटला. पुन्हा नवी लावली, आणि ताल जुळला. मगच त्याने प्लगच्या फटी पूर्ववत केल्या आणि हात पुसले.

२०२४ च्या जुलैतल्या फेरीची वहीतली नोंद अशी आहे: पाऊस जोराचा, धुके, चढ, इंजिन तापलेले, मिसिंग नाही. आई मोरोशीला झोपली ती ओतूरला जागी झाली. जुनी कॅप मित्राच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. तिच्यातला तडा शोधायला मुलांना भिंग दिले जाते, पण खुंटीचा नंबर सांगितला जात नाही.